इतके लोक होते, मग कोणीच का धावलं नाही?

महामार्गावर एक दुचाकी घसरते. स्वार रस्त्याच्या कडेला पडलेला, डोक्यातून रक्त वाहतंय. दोन मिनिटांत भोवती माणसांचं कडं जमतं. कोणी मोबाइल बाहेर काढतो, कोणी ‘पोलिसांना कळवलं का?’ असं विचारतो, कोणी चुकचुकतो आणि आपली वाट धरतो. जखमीला गाडीत घालून दवाखान्यात न्यायला मात्र कोणी पुढे होत नाही. दुसऱ्या दिवशी बातमी वाचून घराघरांत एकच वाक्य उच्चारलं जातं: माणुसकी म्हणून उरलीच नाही.

हा निष्कर्ष सोपा आहे, पण तो चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत रस्त्यावर पडलेला माणूस मोजतो. लोकच वाईट झालेत असं एकदा मानलं, की करण्यासारखं काही उरत नाही. मानसशास्त्रज्ञ गेली साठ वर्षं वेगळा प्रश्न विचारत आले आहेत. तीच माणसं कधी धावतात आणि कधी थबकतात? या प्रश्नाचं उत्तर शोधता येतं, मोजता येतं आणि मुख्य म्हणजे वापरता येतं.

१. अडतीस साक्षीदारांची बातमी

१३ मार्च १९६४. पहाटे तीनच्या सुमारास न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोवीज ही २८ वर्षांची तरुणी काम संपवून घरी परतत होती. राहत्या इमारतीजवळच एका माणसाने तिच्यावर चाकूने हल्ला केला. तिच्या किंकाळ्यांनी काही खिडक्यांत दिवे लागले. हल्लेखोर पळाला, थोड्या वेळाने परत आला आणि त्याने तिला पुन्हा गाठलं. इस्पितळात नेताना वाटेतच तिचा मृत्यू झाला.

दोन आठवड्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर बातमी दिली. ३८ सभ्य नागरिकांनी अर्ध्या तासाहून जास्त वेळ हा प्रकार पाहिला आणि हल्ला चालू असताना एकानेही पोलिसांना फोन केला नाही, असा तिचा आशय होता. अमेरिका हादरली. प्रवचनांतून, अग्रलेखांतून शहरी माणसाच्या बधिरपणावर कोरडे ओढले गेले.

पुढे तपासणी झाली तेव्हा त्या बातमीचा मोठा भाग टिकला नाही. दुसरा हल्ला इमारतीच्या आत, जिन्यापाशी झाला होता. तो खिडक्यांतून दिसणं शक्यच नव्हतं. पहिल्या वेळी हल्लेखोर पळाला तो एक शेजारी वरून ओरडला म्हणून. एक शेजारीण तर जिवाची पर्वा न करता खाली धावली आणि मदत येईपर्यंत किटीला कुशीत धरून बसली. २००७ मध्ये मॅनिंग, लेव्हाइन आणि कॉलिन्स या संशोधकांनी जुनी कागदपत्रं पाहून दाखवून दिलं, की ३८ जण नुसते बघत राहिले या कथेला पुरावा नाही. २०१६ मध्ये हल्लेखोर तुरुंगात मरण पावला, तेव्हा खुद्द ‘टाइम्स’नेही आपल्या बातमीत फार मोठी अतिशयोक्ती होती असं छापलं.

तरीही या प्रकरणाची सुरुवात किटीपासून करावी लागते. कारण त्या बातमीने दोन तरुण संशोधकांना अस्वस्थ केलं. न्यूयॉर्क विद्यापीठातले जॉन डार्ली आणि कोलंबिया विद्यापीठातले बिब लटाने. सगळे म्हणत होते, ‘इतके लोक असूनही कोणी आलं नाही.’ या दोघांना शंका आली, की इतके लोक होते ‘म्हणूनच’ तर कोणी आलं नसेल?

२. शेजारच्या खोलीतला आवाज

ही शंका तपासायची तर आणीबाणी घडवून आणावी लागणार, आणि तीही कोणाला इजा न होता. त्यांनी युक्ती केली. विद्यार्थ्यांना एकेकट्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, की कॉलेजजीवनातल्या अडचणींवर इंटरकॉमवरून चर्चा करायची आहे, समोरासमोर संकोच वाटू नये म्हणून खोल्या वेगळ्या. चर्चा सुरू होते. एक मुलगा सांगतो, की त्याला अधूनमधून फिट येते. थोड्या वेळाने त्याचा आवाज अडखळू लागतो, तो मदत मागतो, गुदमरतो आणि शांत होतो. हा आवाज टेपवर आधीच भरून ठेवलेला होता. खोलीतल्या विद्यार्थ्याला ते ठाऊक नव्हतं.

प्रयोगात बदलत होती एकच गोष्ट. चर्चेत आपल्याशिवाय आणखी किती जण आहेत, याबद्दल विद्यार्थ्याची समजूत. ‘फक्त मी आणि तो’ असं वाटत असलेल्यांपैकी ८५ टक्के जण फिट चालू असतानाच मदतीसाठी बाहेर आले. ऐकणारा आणखी एक जण आहे असं वाटत असलेल्यांपैकी ६२ टक्के. आणखी चार जण ऐकताहेत असं वाटत असलेल्यांपैकी फक्त ३१ टक्के. १९६८ मध्ये हे आकडे प्रसिद्ध झाले.

जे उठले नाहीत त्यांचं काय चाललं होतं, ते मला या आकड्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. संशोधक खोलीत गेले तेव्हा ही मुलं निवांत बसलेली नव्हती. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. ‘तो बरा आहे ना? त्याच्याकडे कोणी गेलं का?’ असं तीच विचारत होती. ज्यांना काळजी नाही, त्यांची अशी अवस्था होत नाही. ती मुलं ‘जायचं नाही’ असं ठरवून बसलेली नव्हती, जावं की न जावं याच कात्रीत अडकली होती.

घरात दूध उतू जातं तेव्हा नेमकं हेच घडलेलं असतं. आई सगळ्यांना उद्देशून ‘जरा दुधाकडे बघा रे’ म्हणते आणि बाहेर जाते. घरात चार जण, चौघांनाही ऐकू आलेलं, चौघांपैकी कोणालाही दूध वाया घालवायचं नसतं. तरी ते उतू जातं, कारण प्रत्येकाच्या मनात उरलेले तिघे असतात. घरात एकटी मुलगी असती, तर ती ओट्यापाशी उभी राहिली असती. जबाबदारी चौघांत वाटली गेली आणि प्रत्येकाच्या वाट्याला इतकी थोडी आली, की उठायला ती पुरली नाही. संशोधकांनी याला जबाबदारीची विभागणी म्हटलं.

३. धुराने भरलेली खोली

पहिल्या प्रयोगात कोणी कोणाला दिसत नव्हतं. प्रत्यक्ष गर्दीत आपण एकमेकांचे चेहरे पाहतो. त्याने फरक पडतो का? पडतो, आणि तो वाईट दिशेने पडतो.

लटाने आणि डार्लींच्या दुसऱ्या प्रयोगात विद्यार्थी एका खोलीत बसून प्रश्नावली भरत असतात. भिंतीतल्या झडपेतून हळूहळू धूर येऊ लागतो. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के जणांनी बाहेर जाऊन कळवलं. काही विद्यार्थ्यांबरोबर मात्र संशोधकांची दोन माणसं बसवली होती. धुराकडे बघायचं, खांदे उडवायचे आणि लिहीत राहायचं, एवढंच त्यांना सांगितलेलं होतं. अशा दहा विद्यार्थ्यांपैकी फक्त एकाने धुराची वर्दी दिली. बाकीचे खोकत राहिले, डोळे चोळत राहिले, हाताने धूर बाजूला सारत कागद भरत राहिले. नंतर विचारलं तर कोणी म्हणाला वाफ असेल, कोणी म्हणाला वातानुकूलन यंत्रातून काहीतरी येत असेल. आग लागली असेल, हे त्यांच्या मनाने बाजूला ठेवलं होतं.

असं का व्हावं? कारण बहुतेक आणीबाणी स्वतःची ओळख सांगत येत नाही. रस्त्यात पडलेला माणूस दारू प्यायलाय की त्याला झटका आलाय? शेजारच्या घरातला आरडाओरडा हा नवरा-बायकोचा रोजचा वाद आहे की कोणाचा जीव धोक्यात आहे? अशा वेळी आपण इतरांच्या चेहऱ्याकडे पाहून अर्थ लावतो. आपलं हसं होऊ नये म्हणून आपण चेहरा शांत ठेवतो, इतरही ठेवतात. मग प्रत्येकाला दिसतात ते शांत चेहरे, आणि प्रत्येकाचा निष्कर्ष एकच: काही गंभीर नसावं. आतून सगळे घाबरलेले आणि बाहेरून सगळे शांत, असा हा सामूहिक गैरसमज असतो.

४. थोडा हिशेब

इथे एक बारकावा आहे. माणूसगणिक प्रमाण घसरतं याचा अर्थ गर्दीत मदत मिळतच नाही, असा होत नाही. कागद-पेन्सिल घेऊन पाहू.

फिटच्या प्रयोगात एकट्याने धावण्याचं प्रमाण १०० पैकी ८५ होतं. ऐकणारे पाच असतील, तर प्रत्येकाचं प्रमाण ३१, म्हणजे प्रत्येकाने न उठण्याची शक्यता ०.६९. पाचही जणांनी न उठण्याची शक्यता काढायला ०.६९ चा पाच वेळा गुणाकार करायचा. उत्तर येतं सुमारे ०.१६. म्हणजे निदान एक जण उठण्याची शक्यता ८४ टक्के. एकट्या माणसाइतकीच! पडलेल्याच्या दृष्टीने पाहिलं तर पाच जण असून त्याचं नुकसान झालं नाही, पण फायदाही झाला नाही.

हा हिशेब ऐकणारे एकमेकांना दिसत नाहीत, प्रत्येकजण आपलं आपण ठरवतो, तोवरच खरा. चेहरे दिसू लागले की तो कोलमडतो. १९६९ मध्ये लटाने आणि ज्युडिथ रोडिन यांनी शेजारच्या खोलीत एक बाई खुर्चीवरून पडून विव्हळत असल्याचा आवाज ऐकवला. एकटे असलेल्यांपैकी ७० टक्के मदतीला गेले. दोन अनोळखी माणसं एकत्र असतील, तर वरच्या हिशेबाने निदान एकजण उठण्याची शक्यता ९१ टक्के यायला हवी. प्रत्यक्षात अशा जोड्यांपैकी फक्त ४० टक्के जोड्यांतून कोणीतरी उठलं. दोघे मित्र असले, तर मात्र प्रमाण ७० टक्के. मित्राच्या चेहऱ्यावरची काळजी वाचता येते, त्याला ‘काय झालं असेल रे?’ असं विचारता येतं. अनोळखी माणसाला ते विचारायला जीभ रेटत नाही.

५. घाईत असलेले धर्मोपदेशक

चांगल्या विचारांची माणसं तरी थांबत असतील? प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र महाविद्यालयातल्या ४० विद्यार्थ्यांवर डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मन विषण्ण करतो. विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. काहींचा विषय होता बायबलमधला चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याचीच गोष्ट. वाटेत एक माणूस दारापाशी कोसळलेला, खोकत असलेला. ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं, त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ‘उशीर झालाय, लवकर जा’ असं सांगितलेल्यांपैकी अवघे १० टक्के. भाषणाचा विषय कोणता, याने लक्षणीय फरक पडला नाही. घाईने पडला.

६. प्रयोगशाळेबाहेर

इथवर वाचून निराशा वाटू शकते. पण हे प्रयोग मुख्यतः अमेरिकी विद्यार्थ्यांवर, मुद्दाम संदिग्ध ठेवलेल्या प्रसंगांत झाले होते. खऱ्या रस्त्यावरचं चित्र वेगळं आणि अधिक आश्वासक आहे.

१९६९ मध्येच पिलियाविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एका माणसाला धावत्या डब्यात कोसळायला लावलं. हातात काठी असलेला, आजारी वाटणारा माणूस पडला तेव्हा ६५ पैकी ६२ वेळा प्रवाशांनी आपणहून मदत केली. दारूचा वास येणारा, बाटली हातात असलेला माणूस पडला तेव्हा ३८ पैकी १९ वेळा. डब्यात माणसं जास्त म्हणून मदत कमी, असंही आढळलं नाही. माणूस डोळ्यांसमोर पडला आहे, संशयाला जागा नाही आणि डब्यातून लगेच निघूनही जाता येत नाही. अशा वेळी माणसं धावतात.

याहून मोठा पुरावा २०२० मध्ये आला. रिचर्ड फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन या तीन शहरांतल्या सीसीटीव्हीवर टिपली गेलेली २१९ सार्वजनिक भांडणं-मारामाऱ्या तपासल्या. कुणी अभिनय करत नव्हतं, कुणाला आपण अभ्यासाचा भाग आहोत हे माहीत नव्हतं. त्यातल्या ९१ टक्के प्रसंगांत निदान एक त्रयस्थ मध्ये पडला, आणि बघे जितके जास्त तितकी कोणीतरी मध्ये पडण्याची शक्यता जास्त होती. धोका उघड दिसला की गर्दीचा दुष्परिणाम कमी होतो, हे २०११ मध्ये पीटर फिशर आणि सहकाऱ्यांनी जुन्या सगळ्या प्रयोगांची एकत्र छाननी करूनही दाखवलं होतं.

७. ‘आपल्यातला’ कोण?

मदत कोणाला मिळते, हा प्रश्न अजून राहिला. मार्क लेव्हाइन यांनी इंग्लंडमध्ये मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाच्या चाहत्यांवर प्रयोग केला. वाटेत धावताना एक जण घसरून पडतो आणि घोटा धरून कळवळतो. त्याच्या अंगात मँचेस्टरचा शर्ट असेल, तर जवळजवळ सगळे थांबले. प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा किंवा साधा शर्ट असेल, तर तिघांपैकी एक. पुढच्या प्रयोगात चाहत्यांना आधी ‘आमच्या संघाबद्दल’ न विचारता ‘फुटबॉलवरच्या प्रेमाबद्दल’ विचारलं. एवढ्याशा बदलाने लिव्हरपूलच्या शर्टवाल्यालाही बहुतेकांनी मदत केली. त्यांच्या मनातली ‘आपण’ची सीमा रुंदावली होती. साध्या शर्टवाला मात्र तेव्हाही बाहेरच राहिला.

संकट ही सीमा झटक्यात पुसून टाकतं. ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यांत ५२ निरपराधांचा बळी गेला. अंधारात, धुरात अडकलेली माणसं एकमेकांना तुडवत पळाली असतील असं कोणालाही वाटेल. जॉन ड्र्यूरी आणि सहकाऱ्यांनी वाचलेल्यांशी बोलून जे नोंदवलं ते उलट आहे. अनोळखी प्रवाशांनी एकमेकांना धीर दिला, पाणी दिलं, जखमा बांधल्या. आपण सगळे एकाच संकटात आहोत या जाणिवेने परके आपले झाले.

मुंबईला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. त्याच महिन्यात, २६ जुलैला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पाण्यातून चालत निघालेल्यांना अनोळखी घरांनी दारं उघडली, चहा-बिस्किटं दिली, रात्रभर निवारा दिला. ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये स्फोट झाले तेव्हा रुळांशेजारच्या वस्त्यांतली माणसं चादरी घेऊन धावली आणि त्याच चादरींतून त्यांनी जखमींना वाहून नेलं. हीच ती शहरं, जिथे माणुसकी संपली असं आपण म्हणतो.

८. पोलिसांची धास्ती

मग महामार्गावरच्या कड्यातली माणसं का थांबतात? गर्दी, घाई, संदिग्धता ही कारणं आपल्याकडेही आहेतच. पण भारतात एक जास्तीचं कारण होतं. दिल्लीत २००७ मध्ये अपघातात आपला नात्यातला कोवळ्या वयाचा भाऊ गमावलेल्या पीयूष तिवारी यांनी ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ स्थापन केलं. या संस्थेने २०१३ मध्ये मुंबईसह सात शहरांत लोकांना विचारलं. ७४ टक्के लोकांनी गंभीर जखमीला मदत करण्याची शक्यता कमी असल्याचं सांगितलं, आणि त्यांपैकी ८८ टक्के जणांनी कारण दिलं ते पोलिसांच्या चौकशीचं आणि कोर्टाच्या हेलपाट्यांचं. ही निर्दयता नाही, अनुभवातून आलेली भीती आहे. ती प्रवचनाने जात नाही, नियम बदलल्याने जाते.

नियम बदलले. संस्थेच्या जनहित याचिकेवर ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं देशभर बंधनकारक केली. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात त्यासाठी १३४-अ हे कलम आलं. त्याचा अर्थ साध्या शब्दांत असा: अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने मदत केली, तर तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी खटला होऊ शकत नाही. नाव, पत्ता, फोन नंबर देण्याची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. जखमीला दवाखान्यात पोचवून तुम्ही निघू शकता. साक्षीदार व्हायचं की नाही, हे तुमच्या इच्छेवर आहे. उपचाराचे पैसे तुमच्याकडे मागता येत नाहीत.

२०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. वेळेवर उपचार मिळाले तर अशा मृत्यूंपैकी सुमारे निम्मे टळू शकतात, असं विधी आयोगाच्या २००६ च्या अहवालात म्हटलं आहे. कायदा झाला, पण तो ठाऊक नसलेल्या माणसाची भीती जशीच्या तशी राहते. शाळांतून, वाहन परवान्याच्या परीक्षेतून, टोलनाक्यांवरच्या फलकांतून हे कलम लोकांपर्यंत पोचवायला हवं.

९. तुमच्या हातात काय आहे

न्यूयॉर्कजवळच्या एका समुद्रकिनाऱ्यावर थॉमस मोरिआर्टी यांनी चोरीचा बनाव केला. एक जण रेडिओ ठेवून फिरायला जातो, दुसरा येऊन रेडिओ उचलतो. जाताना शेजाऱ्याला सामानाबद्दल काही सांगितलं नसेल, तर २० पैकी चौघांनी चोराला अडवलं. ‘जरा माझ्या सामानाकडे बघाल का?’ असं विचारलं असेल, तर २० पैकी १९ जणांनी. एका वाक्याने जबाबदारीला धनी मिळाला.

म्हणून अपघाताच्या जागी ‘कोणीतरी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा हो!’ असं ओरडू नका. एकाकडे बोट दाखवा. ‘निळ्या शर्टातले दादा, तुम्ही १०८ ला फोन लावा. ताई, तुम्ही मागच्या गाड्या थांबवा.’ स्वतः अडचणीत असाल तरीही हेच करा. आणि कड्यात उभे असाल, तर मनात आलेली शंका मोठ्याने बोला: ‘हे गंभीर दिसतंय, काहीतरी करायला हवं.’ तुमच्यासारखीच वाट पाहत असलेली माणसं त्या एका वाक्याने हलतात.

आर्थर बीमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये काही विद्यार्थ्यांना हेच संशोधन व्याख्यानातून किंवा चित्रफितीतून समजावून सांगितलं. दोन आठवड्यांनी, या विषयाशी काहीही संबंध नसल्यासारखा, वाटेत एक माणूस कोसळलेला त्यांना दिसला. हे शिकलेल्यांपैकी ४३ टक्के जण थांबले, न शिकलेल्यांपैकी २५ टक्के. तेव्हा हे प्रकरण स्वतःपाशी ठेवू नका. घरातल्या मोठ्यांना सांगा, आणि ज्याच्या हाती नुकताच वाहन परवाना पडलाय त्या मुला-मुलीला आधी सांगा.